हरीण आणि दोन पावलं

शालतेपेक, ९ फेब्रुवारी १५७७

मामा आन्तोन अकाशोच यांच्या चरणांपाशी,

तुम्ही दमला असाल, जरा टेका, मग वाचा. तुम्ही आणि पेत्रोनिलाताई धडधाकट आहात असं धरून लिहितो. मेशिकोहून येणारा प्रत्येक हमाल निराळी बातमी आणतो, आणि चांगली एकही नसते.

इकडे आजार उतरलेला नाही. कुणाच्या नाकातून रक्त सुटलं की घरचे त्याच्यासाठी पेज ठेवायचंही सोडून देतात. आमचे दोघे मुलगे गेले ते मागे कळवलंच होतं. अनास्तासिया अजून त्यांच्या चटया उचलू देत नाही. त्याबद्दल आज लिहीत नाही.

आज लिहितो ते एका पोरीबद्दल. झऱ्यावरच्या वस्तीत मेलेल्यांना उचलायला गेलो होतो. शेवटच्या घरात सगळे गेलेले, आणि चुलीपाशी चार-पाच वर्षांची एक मुलगी रिकाम्या पाट्यावर वरवंटा फिरवत बसलेली. नाव विचारलं तर म्हणाली, शोको. म्हणजे शेंडेफळ. हे काय नाव झालं? बापाचं नाव विचारलं तर म्हणाली, बाबा. घरी आणली. अनास्तासियाने तिला जेवू घातलं.

त्या घराला झऱ्यालगतची चांगली जमीन आहे, घायपाताची रांगही आहे. आता आमचे कारभारी डॉन फाबियान यांचा मेहुणा क्रिस्तोबाल म्हणतो, घर मुळातच बेवारस आहे, मेले ते कुठून तरी येऊन घुसलेले होते. वस्तीत दुसरं कुणी उरलं नाही. एक म्हातारी लुसिया आहे, ती सांगते की पोरीचा बाप जन्मापासून तिथेच होता. पण एकट्या म्हातारीचं कोण ऐकतो?

म्हणून पंचांनी तुम्ही सतरा वर्षांपूर्वी रंगवलेला घरांचा पट काढला. त्यात ते घर आहे. माणसाचं डोकं, डोक्यावरून निघालेली बारीक रेघ, रेघेच्या टोकाला नावाची खूण, ती म्हणजे हरणाचं मुंडकं. इथवर ठीक. पण बाजूला दोन पावलं आहेत. मधला भाग ओलीने खाल्ला आहे आणि रंग धुऊन गेला आहे. ती पावलं हरणाला लागून होती, का माणसाच्या पाठीमागे सुटी होती, ते मला ठरवता येत नाही. हरणाला लागून असतील तर तो नावाचाच भाग. सुटी असतील तर माणूस गाव सोडून पळाला, आणि मग क्रिस्तोबालचं म्हणणं खरं.

मामा, एवढंच सांगा. ही पावलं नावातली आहेत की नावाबाहेरची? खूण जशी आहे तशी उतरवून पाठवतो. कागदाला जागा उरली नाही, म्हणून कडेला आडवी काढली आहे, कागद फिरवून पाहा. रंग विकणारे मेले, नुसती काजळी आहे.

कास्तीलचा न्यायाधीश ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासाच्या मध्यावर येणार आहे. पटाचा अर्थ मी सांगायचा, असं ठरलं आहे.

तुमचा भाचा,
माकारिओ सिपाक


मेशिको, २४ फेब्रुवारी १५७७

चिरंजीव माकारिओ,

अक्षर पाहून दचकू नकोस. माझ्या बोटांना गाठी आल्या आहेत, म्हणून देवळात गाणारा हिपोलितो याच्याकडून लिहवतो. तो सूर लांबवतो तशी वाक्यंही लांबवेल, मी आवरतो आहे.

तुझे मुलगे गेले हे पुन्हा ऐकलं. मी त्यांना पाहिलं नाही. काय बोलू? इथे आमच्या गल्लीत सकाळी दार उघडणाऱ्यांपेक्षा न उघडणारी दारं जास्त आहेत. पेत्रोनिला पहाटे उठून आधी माझ्या छातीवर हात ठेवते. मी म्हणतो, अगं, मेलो तर मीच सांगेन तुला. ती हसत नाही.

तुझ्या प्रश्नाला उत्तर सोपं आहे, आणि तू इतका शिकलेला असून विचारावं लागलं याचं थोडं वाईट वाटलं. अंगठा कुठे आहे ते पाहायचं. पावलाची बोटं पानाच्या कडेकडे वळलेली असली की माणूस गेला. पाय गावाबाहेर चालले आहेत, इतकं सरळ. नावातली पावलं मी नेहमी वर चढती काढायचो. तू पाठवलेल्या खुणेत बोटं कडेकडे आहेत. तेव्हा तो हरीण नावाचा माणूस, आणि तो पळाला. मोजणी झाली त्या सालात पुष्कळ पळाले. कुणी राहावं असं तरी काय होतं?

पोरीचं वाईट वाटतं. पण पट जे म्हणतो ते म्हणतो. तुझ्या आजोबांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, हात थरथरला तर चालेल, खूण थरथरता कामा नये. आता खुणा काढायच्या तरी कुणाच्या? सगळा गाव पेद्रो नि लोरेन्सो. पेद्रो आला की त्या संताच्या हातातली किल्ली काढा, लोरेन्सो आला की त्या संताला भाजलं ती जाळी काढा. एका गल्लीत आठ किल्ल्या, आणि कुलूप लावावं असं घर एक नाही.

अनास्तासियाला सांग, चटया उचलायची घाई नको.

तुझा मामा,
आन्तोन अकाशोच


शालतेपेक, १२ मार्च १५७७

मामा,

तुमचं पत्र वेळेवर आलं. न्यायाधीश परवा येऊन गेला.

चावडीपुढे पट पसरला. मी तुमचं नाव घेतलं. ज्यांनी हा पट रंगवला ते मेशिकोत हयात आहेत आणि त्यांचा शब्द माझ्यापाशी आहे, असं म्हणालो. मग बोटं कडेकडे म्हणजे काय, ते सांगितलं. दुभाष्याने ते न्यायाधीशाला सांगितलं. न्यायाधीश वाकला, बराच वेळ त्या पावलांकडे पाहत राहिला आणि काहीतरी बोलून हसला. दुभाष्या म्हणाला, साहेबांना वाटलं ही बोरं आहेत.

लुसिया म्हातारी गर्दीतून पुढे आली. ती न्यायाधीशाशी बोलली नाही, माझ्याशी बोलली. ती म्हणाली, "पळाला असता तर माझं छप्पर कुणी शाकारलं रे? दर साली कोण चढत होतं वर, हरीण?" लोक हसले. मीही मान खाली घातली, हसू लपवायला म्हणा की आणखी कशाला. पट जुना आणि म्हातारीही जुनी, पण पटाला कुणी विसराळू म्हणत नाही.

जमीन क्रिस्तोबालला गेली. डॉन फाबियान यांनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, असा चित्रकार गावाला लाभला हे गावाचं भाग्य. तो हात अजून खांद्यावर असल्यासारखा वाटतो.

पोर आमच्याकडे आहे. अनास्तासियाने तिला चटईवर निजवलं, आमच्या धाकट्याच्या चटईवर. काल मी नव्या मोजणीची घरं काढत होतो तर ती शेजारी येऊन बसली आणि विचारलं, यात मी कुठे? मी म्हटलं, बायकांची खूण काढत नाहीत, नुसतं डोकं नि अंबाडा काढतात. ती म्हणाली, मग माझा अंबाडा काढा. तिचे केस अजून कानाखाली येत नाहीत.

मामा, तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे. पण एक विचारतो, रागावू नका. पटावर मला ती वर चढल्यासारखी दिसतात, तरी मी तुमच्या शब्दावर गेलो. बोटं कडेकडे होती ना, नक्की?

माकारिओ


मेशिको, २३ मार्च १५७७

माकारिओ,

हे पत्र घेऊन येणाऱ्याला मी मजुरी म्हणून कोकोच्या बियांची सगळी थैली दिली आहे, वाटेत कुठे थांबू नकोस म्हणून. तूही थांबू नकोस. वाचून झालं की उभ्या उभ्याच निघ.

मी चुकलो. तुझं आलं तसं मी पहिलं पत्र पुन्हा वाचून घेतलं. त्यात लिहिलं आहे, कागद फिरवून पाहा. तो फिरवला नव्हता. फिरवल्यावर ती बोटं कडेकडे जात नाहीत, वर जातात. वर, हरणाकडे. ती पावलं नावातलीच आहेत.

आणि मग मला तो माणूसच आठवला. मासाकिस. निघालेलं हरीण. झऱ्यावरचा, विशीतला, केसांत नेहमी कुसं अडकलेली. त्याचा बाप सांगायचा, हा जन्मला त्या सकाळी वेळूच्या बेटातून हरीण निघालं आणि कुणाला न भिता अंगणातून चालत पलीकडे गेलं. मी आधी नुसतं मुंडकं काढलं होतं. तो माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाला, "दादा, हे तर कुणाचंही हरीण झालं. माझं निघालेलं आहे, त्याला चालू द्या." म्हणून मी पावलं काढली. त्याच्या सांगण्यावरून काढली, माकारिओ. तो खूष झाला, घरी जाऊन निवडुंगाची बोंडं घेऊन आला, काटे काढून. माझ्या बोटांना रंग होता म्हणून त्याने ती सोलून माझ्या तोंडात घातली.

हा माणूस पळालेला नाही. तो कुठेच गेला नाही. त्याच्या पोरीची जमीन तिची आहे.

पंचांना सांग. डॉन फाबियानला सांग, म्हातारा चुकला. मी चुकलो असं गावच्या देवळापुढे उभं राहून ओरड. माझी लाज धरू नकोस. त्यांना खरं वाटत नसेल तर मी येतो. वाट मला पाठ आहे, हिपोलितोच्या खांद्यावर हात ठेवून येईन.

मामा


मेशिको, १० एप्रिल १५७७

माकारिओ, भाऊ,

मी पेत्रोनिला. हिपोलितो गेला, पाच दिवस झाले. हे पत्र त्याच्या जागी आलेल्या गाणाऱ्याकडून लिहवते आहे. तो गोष्ट पोटात ठेवतो, बाहेर बोलणार नाही.

बाबांनी तुला जे सांगितलं नाही ते मी सांगते. त्यांच्या बोटांना गाठी नाहीत. डोळे गेले आहेत, दोन वर्षं होत आली. आधी निळा रंग दिसेनासा झाला, मग सगळंच. शहरातल्या चित्रकारांना कळू नये म्हणून ते कुंचला हातात धरूनच दारात बसतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं, म्हातारा विचार करतो आहे. तुला तर मुळीच कळू द्यायचं नव्हतं. तू त्यांच्या हाताखाली शिकलास, म्हणून.

तुझी खूण मी पाहिली. हिपोलितो बाहेर गेला होता, पत्र अजून वाचलं नव्हतं. बाबांना दम निघेना. म्हणाले, बोटं कुठे आहेत ते सांग. मी पाहिलं ते सांगितलं. कागद कसा धरायचा हे मला कोण सांगणार होतं? नंतर पत्र वाचलं गेलं तोवर त्यांचं उत्तर ठरून गेलं होतं, ते वाक्य कुणाच्या कानातच शिरलं नाही. त्यांनी मला एक शब्द बोल लावलेला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

तुझ्याकडे यायला ते निघाले होते. बांधावरच्या रस्त्यापर्यंत गेले, एकटेच, भिंतीला हात लावत. तिथे प्रेतं नेणाऱ्या माणसांना ते बसलेले दिसले आणि त्यांनीच परत आणून सोडले. त्या रात्रीपासून ताप आहे. कालपासून नाकातून रक्त येतं आहे. तुला माहीत आहे म्हणजे काय ते.

दिवसातून किती वेळा विचारतात, माकारिओचं आलं का. मी म्हणते, येईल. काय झालं असेल ते असो, मला लिही. पण त्यांच्यासाठी वेगळा कागद लिही. त्यांना ऐकता येईल असं काहीतरी लिही.

पेत्रोनिला


शालतेपेक, २८ एप्रिल १५७७

ताई,

हा कागद तुझा. खाली दुमडलेला आहे तो मामांचा. गाणाऱ्याला सांग, हा आधी वाचायचा, फक्त तुझ्या कानात, आणि मग चुलीत घालायचा.

मामांचं पत्र ईस्टरच्या आदल्या आठवड्यात आलं. मी उभ्या उभ्याच निघालो, त्यांनी सांगितलं तसं. डॉन फाबियान यांच्या अंगणात पंच बसले होते. मी सगळं वाचून दाखवलं, बोंडांसकट. डॉन फाबियान शांतपणे म्हणाले, "पळाला म्हणून कुणी सांगितलं? तुझ्या मामाने. नाही पळाला म्हणून कोण सांगतो? तुझा मामा. उद्या म्हणेल ते हरीण नव्हतं, ससा होता." मी पटाकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, न्यायाधीशाने सही केली, पट आता पेटीत गेला, पेटीची किल्ली त्याच्याबरोबर गेली. लुसिया म्हातारीला आणावं म्हणून मी गेलो. तिच्या दारावर, मेलेल्यांच्या घराला ओढतात तो, राखेचा पट्टा ओढलेला होता.

तरी मी गप्प बसलो नाही, ताई. देवळापुढे उभा राहिलो. पाद्रीबाबांकडे गेलो, ते म्हणाले मी तर मेलेल्यांनाच पुरा पडत नाही. मेशिकोच्या न्यायालयात अर्ज करीन, असंही चार लोकांत बोललो. तेच नडलं. पोर जिवंत आणि गावात असेतोवर क्रिस्तोबालची झोप उडालेली राहणार, हे मला सुचलं नाही, त्यांना सुचलं. तिसऱ्या दिवशी दोन माणसं कागद घेऊन आली. आई-बाप नसलेली पोरं लोकर विणण्याच्या कारखान्यात द्यायची, तिथे त्यांना अन्नवस्त्र मिळेल आणि देवाचं नाव शिकवतील, असा तो कागद. आम्ही तिचे कुणी नव्हतो. कागदावर तरी नव्हतो. कारखाना कुठला, ते त्यांनी सांगितलं नाही.

अनास्तासियाने तिला पोटाशी धरलं होतं. त्या माणसांनी मारहाण केली नाही, ओरडले नाहीत. एक जण तर म्हणाला, वहिनी, माझीही तीन गेली. मग त्याने एकेक बोट सोडवलं. पोर रडली नाही. तिला वाटलं घरी न्यायला आले आहेत. मी गावाच्या वेशीपर्यंत मागे गेलो. तिथे त्यांनी मला परत फिरवलं.

मी तोंड उघडलं नसतं तर जमीन गेलीच होती, पण पोर आमच्या चुलीपाशी राहिली असती. हे मी अनास्तासियाला बोललो नाही. तिने चटया उचलून ठेवल्या. दोन्ही.

मामांना काय लिहायचं, यावर बराच वेळ बसलो. शेवटी लिहिलं. ते आहेत का अजून, तेही मला ठाऊक नाही.

माकारिओ


शालतेपेक, २८ एप्रिल १५७७

मामा,

पत्राला उशीर झाला, माफ करा. कामात होतो, आणि काम चांगलं होतं.

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी पंचांपुढे वाचलं. डॉन फाबियान यांनी सगळं ऐकून घेतलं. बोंडांची गोष्ट आली तेव्हा म्हाताऱ्यांपैकी एकाने डोळे पुसले. तो म्हणाला, हो, मासाकिस असाच होता, त्याच्या केसांत कुसं असायची. मग पट पुन्हा उघडला. मी कागद फिरवून दाखवला आणि सगळ्यांना दिसलं. लुसिया म्हातारी म्हणाली, मी कधीपासून सांगते आहे. तिला आता कुणी बोलू देत नाही असं नाही, उलट थांबवावं लागतं.

जमीन शोकोची झाली. मोठी होईपर्यंत आम्ही कसणार. झऱ्याकाठी ओल होती म्हणून मका लवकर टाकला, वर आला आहे, बोटाएवढा. तिला वाटतं रोज वाढतो, म्हणून रोज बघायला जाते. जाताना माझ्या पुढे पळते आणि मी हाक मारली की थांबत नाही. केस वाढले आहेत. अनास्तासिया तिला अंबाडा घालून देते, आणि तो संध्याकाळपर्यंत सुटतो.

नव्या मोजणीत मी त्यांचं घर काढलं. बापाचं डोकं काढलं, डोळे मिटलेले, आणि त्यावर तुमचं हरीण. पावलं वर चढती काढली, हरणाला चिकटवून, उद्या ओल लागली तरी कुणाला शंका येऊ नये अशी. शेजारी तिला काढलं. ती म्हणाली, मला खूण नाही का? तेव्हा मी रीत मोडली, मामा. तुम्ही रागावला असता, पण तुम्ही इथे नव्हता. मी तिच्या डोक्यावरूनही एक रेघ ओढली आणि तिलाच विचारलं, काय काढू?

ती अजून ठरवते आहे. जागा रिकामी ठेवली आहे.

तुमचा भाचा,
माकारिओ सिपाक